आठ टक्क्यांचा चढ सायकलस्वाराकडून नेमकं काय मागतो?

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने आरामात जाणारा सायकलस्वार चढ लागल्यावर दोन किलोमीटरांतच उतरून सायकल ढकलू लागतो. तेवढ्यात शेजारून एखादी किडकिडीत व्यक्ती पाय भराभर फिरवत, सोबत्याशी गप्पा मारत पुढे निघून जाते. बघणाऱ्याला वाटतं, तिच्या पायांत जोर जास्त असणार. बऱ्याचदा तसं नसतं. फरक असतो वजनाचा, गिअरचा आणि चढाची पहिली पाच मिनिटं कशी काढली याचा. चढ तुमच्याकडून एक ठरावीक उंची मागतो. ती किती वेळात गाठायची, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. ते कुठवर हातात राहतं आणि कुठे सुटतं, एवढं कळलं की चढाचं निम्मं कोडं सुटतं.

## चढाचे टक्के

शंभर मीटर आडवं अंतर जाताना रस्ता ८ मीटर वर गेला, तर चढ ८ टक्के. १०० टक्के म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंशांचा कोन. या मापाने ८ टक्के म्हणजे जेमतेम साडेचार अंश आणि २० टक्के म्हणजे सव्वाअकरा अंश. वहीत काढून बघा, रेघ इतकी निवांत दिसते की हिच्यापायी माणूस धापा टाकतो हे खरं वाटत नाही.

चढाची माहिती वाचताना सरासरीवर विसंबू नये. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीमुळे जगभर माहीत झालेला फ्रान्समधला आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा. सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास, वळणं २१, आणि चढ बराचसा एकसारखा. सरासरी काय सांगते आणि रस्ता काय करतो, यांत तिथे फार तफावत नाही. स्पेनमधला अंग्लिरू मात्र तसा नाही. साडेबारा किलोमीटर, सरासरी १० टक्के, असं ऐकून दोन्ही चढ जवळपास सारखेच वाटतील. पण अंग्लिरूचा सुरुवातीचा भाग बराच सौम्य आहे, आणि वरच्या टप्प्यात रस्ता एका ठिकाणी साडेतेवीस टक्क्यांवर जातो. म्हणून प्रत्येक किलोमीटरचा चढ वेगळा पाहावा आणि सर्वांत उभा तुकडा किती लांब आहे व कुठे येतो, हे आधीच हेरून ठेवावं.

## ताकद नेमकी कुठे जाते

काम किती झपाट्याने होतंय, याचं माप म्हणजे वॅट. हिशेबासाठी स्वाराचं वजन ७० किलो आणि सायकल, पाण्याची बाटली, हत्यारं मिळून १० किलो धरू. एकूण ८० किलो.

सपाटीवर, वारा नसताना, ताशी ३१ किलोमीटर वेग राखायला चाकापाशी सुमारे १९० वॅट लागतात. त्यांतले दीडशे हवा कापण्यात खर्च होतात आणि उरलेले टायरच्या घर्षणात. तेवढेच १९० वॅट ८ टक्क्यांच्या चढावर लावले, तर वेग मिळतो ताशी १० किलोमीटर. आता हवेच्या वाट्याला येतात जेमतेम पाच वॅट, टायरला दहाबारा, आणि बाकीचे पावणेदोनशे ८० किलो वजन वर उचलण्यात जातात. ताकद तेवढीच, फक्त तिचा धनी बदलला.

यातून दोन गोष्टी निघतात. चढावर वजन बोलतं, म्हणून सायकलस्वार वॅटचा आकडा शरीराच्या वजनाने भागतात. नियमित सराव करणारा हौशी स्वार तासभर किलोमागे दोन-तीन वॅट टिकवू शकतो. अव्वल व्यावसायिक लांब चढावर सहाच्या आसपास जातात. किडकिडीत माणूस सपाटीवर मागे पडून चढावर पुढे का जातो, याचं उत्तर या भागाकारात आहे.

दुसरी गोष्ट जास्त छळते. चढावर सायकल आपसूक पुढे जात नाही. ताशी ३१ ने सपाटीवर जाताना पाय थांबवले, तर सायकल अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ घरंगळत राहते. ८ टक्क्यांच्या चढावर ताशी १० ने जाताना पाय थांबवले, तर साधारण साडेतीन सेकंदांत, पाचएक मीटरमध्ये ती जागच्या जागी उभी राहते. घोटभर पाणी प्यायला, कूस बदलायला, दम खायला सपाटीवर जी फट मिळते, ती इथे मिळत नाही. चढाचा थकवा इतका वेगळा वाटतो तो प्रामुख्याने यामुळे.

## गिअर ताकद वाढवत नाही, मग करतो काय?

गच्चीवर शंभर लिटर पाणी न्यायचंय. वीस लिटरच्या हंड्याने पाच खेपा करा किंवा पाच लिटरच्या कळशीने वीस. पाणी तेवढंच चढतं, पण हंडा कंबर मोडतो. गिअर म्हणजे हंडा की कळशी, याची निवड.

आकड्यांत पाहू. पुढे ५० दात्यांची चकती आणि मागे २८ दात्यांची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पावणेचार मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटर वेगाला मिनिटाला ४४-४५ फेरे पडतात. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील, तर एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर, म्हणजे त्याच वेगाला मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे. या फेऱ्यांच्या गतीला केडन्स म्हणतात. वॅट दोन्हीकडे १९०च. पण पहिल्या गिअरमध्ये पेडलवर सरासरी २४ किलोचा दाब टिकवावा लागतो, दुसऱ्यात साडेतेराचा. प्रत्यक्षात पेडल खाली जात असताना दाब याच्या बराच वर चढतो, कारण फेऱ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तो जवळपास नसतोच.

जास्त दाबाने मांड्या लवकर भरून येतात, गुडघ्यावर ताण वाढतो. वेगवान केडन्सने पायांचा भार काहीसा हृदय-फुप्फुसांवर सरकतो, आणि ती पायांपेक्षा लवकर सावरतात. चढावर मिनिटाला ७० ते ८५ फेरे बहुतेकांना मानवतात. सगळ्यात हलका गिअर टाकूनही केडन्स पन्नासच्या खाली जात असेल, तर तुमचे पाय कमी पडत नाहीत, गिअर कमी पडतोय.

## एवढा हलका गिअर टाकणं म्हणजे कमीपणा नाही का?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची सोय म्हणजे पंचेचाळिशी उलटलेल्यांचं काम वाटे. त्यांच्या शर्यतीत अनेक वर्षं स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढत आणि उलटं बसवत, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराच्या चकत्या असत. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरला टूरमध्ये परवानगी मिळाली ती १९३७ साली. आज त्याच शर्यतीतले व्यावसायिक उभ्या चढांसाठी मुद्दाम मोठी मागची चकती बसवून घेतात. किलोमागे सहा वॅटवाले जर कळशी वापरतात, तर अडीच वॅटवाल्याने हंड्याचा हट्ट कशासाठी धरायचा?

हलका गिअर हवा म्हणून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलणार असाल, तर तीन गोष्टी आधी तपासा. तुमचा डिरेलर किती दात्यांपर्यंतची चकती झेपवतो, त्याचा खालचा लांबट पिंजरा जास्तीची चेन ओढून धरण्याइतका लांब आहे का, आणि चेनची लांबी पुरते का. तिसरी गोष्ट राहून जाते आणि तीच महागात पडते. चेन आखूड राहिली आणि चुकून पुढची मोठी व मागची मोठी चकती एकत्र आली, तर चेन ताठ होऊन डिरेलरच उपटला जातो.

## मग कुठलाही चढ सायकलवर चढता येईल?

नाही. हळू जायलाही मर्यादा आहे. ताशी पाच किलोमीटरच्या खाली बहुतेकांची सायकल डगमगते, तोल सांभाळण्यातच ताकद जाते. म्हणजे प्रत्येक उभ्या चढाला एक किमान मोल आहे. २० टक्क्यांच्या चढावर ८० किलो वजन ताशी पाचने न्यायलाही सव्वादोनशेच्या आसपास वॅट लागतात. ज्याला दीडशे वॅट टिकवता येतात, त्याला ताशी पाचचा वेग धरून साधारण १३ टक्क्यांपर्यंतचाच चढ सलग जमेल. त्यापुढचा तुकडा पन्नास-शंभर मीटरचा असेल तर कुवतीबाहेर जाऊन तो मारता येतो. किलोमीटरभर असेल तर नाही.

तिथे उतरून ढकलणं हा साधा हिशेब आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ढकलतानाही ताशी तीन-चार किलोमीटर पडतात, म्हणजे सायकलवर डुगडुगत जाण्यापेक्षा फार कमी नाही. फक्त पेडलला अडकणारे क्लीटचे बूट असतील तर ओल्या रस्त्यावर जपून, ते घसरतात.

उभ्या चढावर मध्येच थांबल्यावर पुन्हा निघणं हे वेगळंच कसब आहे. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडल मारलं तर सायकल हलते न हलते तोच पेडल तळाला पोचतं. म्हणून एक-दोन गिअर जड ठेवा. रस्ता रिकामा असेल तर सायकल तिरपी उभी करा, ब्रेक दाबून धरा, एक पेडल पुढे आणि आडव्याच्या किंचित वर आणा. ब्रेक सोडतानाच त्यावर पूर्ण वजन टाका आणि लगेच सीटवर बसा. दुसरा पाय पेडलमध्ये नीट अडकवायची घाई नको. दोन-तीन फेरे तो नुसता टेकवून मारला तरी चालतं.

## पहिली पाच मिनिटं

चढावर फसणारे बहुतेक जण सुरुवातीलाच फसतात. पायथ्याशी पाय ताजे असतात, सपाटीचा वेग अंगात असतो, आणि तो टिकवण्याच्या नादात माणूस कुवतीच्या बराच वर जातो. शरीर ऑक्सिजन वापरून जितकी ऊर्जा तयार करू शकतं, त्याहून जास्त मागणी झाली की स्नायू ऑक्सिजनविना चालणाऱ्या झटपट मार्गाचा आधार घेतात. तो साठा छोटा असतो. तो पुन्हा भरायचा तर जोर चांगलाच कमी करावा लागतो. सपाटीवर ते जमतं. पण चढावर जोर कमी करायला खाली जागाच नसते, कारण चढाचं किमान मोल चुकतं करावंच लागतं. पहिल्या पाच मिनिटांतली उधळपट्टी मग शेवटच्या किलोमीटरपर्यंत भोवते.

खूण सोपी आहे. चढाच्या पहिल्या पाचव्या हिश्शात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे आणि मनात ‘हे जरा जास्तच हळू चाललंय’ असं यायला हवं. मधल्या भागात चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तरी ठीक. दोन शब्दही फुटत नसतील आणि माथा अजून दहा मिनिटांवर असेल, तर लगेच गिअर हलका करा.

तापण्याचाही विचार करावा लागतो. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली पाव हिश्शाहूनही कमी पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. १९० वॅटचं काम करताना अंगात साडेसहाशे वॅटच्या वर उष्णता तयार होते. सपाटीवर ३१ च्या वेगाचा वारा ती उडवून नेतो. चढावर वारा लागतो दहाचा, आणि पाठीमागून झुळूक असेल तर तोही नाही. म्हणून जॅकेट पायथ्याशीच काढा आणि घाम वाहायच्या आधी जर्सीची चेन उघडा. तासाभराहून लांब चढाईत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. तीही लवकर, सौम्य तुकड्यांवर, कारण उभ्या तुकड्यावर चावणं आणि धापा टाकणं एकत्र जमत नाही.

## उभं राहून की बसून?

बसून, बहुतेक वेळ. उभं राहिलं की शरीराचं सगळं वजन पेडलवर येतं, जोर वाढतो, पण स्वतःला तोलून धरायला हात-पाठीचे स्नायूही राबतात आणि नाडी वर जाते. छोटा उभा तुकडा पार करायला, वळणातून बाहेर पडायला किंवा पाठ-नितंब मोकळे करायला वीस-तीस सेकंद उठावं. उठण्याआधी गिअर एक-दोन पायऱ्या जड करा, नाहीतर पाय पोकळीत पडल्यासारखा खाली जातो. एक पेडल खाली जायला लागतं त्याच क्षणी उठा; एरवी दाब क्षणभर तुटतो, सायकल मागे येते आणि मागून येणारा तुमच्या चाकावर आदळतो.

१५ टक्क्यांच्या पुढे आणखी एक पेच येतो. बसून जोर लावला तर पुढचं चाक उचलू पाहतं, उभं राहिलं तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर फिरतं. उपाय या दोन्हींच्या मधला. सीटच्या पुढच्या टोकाशी सरका, कोपरं वाकवून छाती खाली आणा आणि पेडलला हिसके न देता गोल दाब द्या.

वळणाच्या आतल्या कडेला अंतर कमी आणि चढणारी उंची तेवढीच, म्हणून आतली कड नेहमी जास्त उभी असते. रहदारी नसेल आणि समोरचं स्पष्ट दिसत असेल, तर वळण बाहेरच्या बाजूने घ्या. दिसत नसेल तर आपली बाजू सोडू नका.

## चढावर सायकल का कुरकुरते

सपाटीवर गुण्यागोविंदाने चालणारी सायकल चढावर दगा देते, कारण चेनवरचा ताण वाढलेला असतो. भर जोरात गिअर बदलला की चेन दाते सोडते, कडकड आवाज येतो, कधी ती निसटते. पुढची लहान चकती चढ उभा होण्याआधीच घ्या. ती घेतल्यावर पाय एकदम सैल पडतात, म्हणून त्याच वेळी मागे एक-दोन पायऱ्या जड करा आणि मग एकेक हलकी करत जा. चढावरच बदलायची वेळ आली, तर एक फेरा जोरात मारून पुढचा अर्धा फेरा पाय सैल सोडा आणि त्या सैल अर्ध्यात बदला.

गिअर न बदलताही चेन दाते सोडत असेल, तर ती झिजून लांबलेली असते. चेन मोजायची पट्टी मिळते. अकरा-बारा चकत्यांच्या कॅसेटला झीज अर्ध्या टक्क्यावर आली की चेन बदलावी, कमी चकत्यांच्या कॅसेटला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. त्यापुढे गेलात तर झिजलेली चेन कॅसेटही खाते.

सर्वांत गंभीर बिघाड मात्र वेगळा. सायकल उजव्या बाजूला पडली की डिरेलर जिथे लटकतो तो हँगर आतल्या बाजूला वाकतो. सपाटीवर कळत नाही, कारण सगळ्यात मोठी चकती तिथे लागतच नाही. चढावर ती घेतली की डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो आणि चाक जागीच अडकतं. म्हणून चढाला जाण्याआधी सायकल उचलून, मागचं चाक फिरवत, सगळ्यात हलक्या गिअरपर्यंत जाऊन बघा. डिरेलर आणि स्पोकमध्ये फट राहत नसेल तर हँगर सरळ करून घ्या. डिरेलर कुठवर सरकेल याची मर्यादा ठरवणारा स्क्रू नुसता पिळून भागत नाही.

## हलकी सायकल घेतली तर सोपं जाईल?

थोडंसं. आपल्या ८० किलोच्या उदाहरणात एक किलो कमी झालं, तर तासाभराच्या चढाईत सुमारे ४० सेकंद वाचतात. शर्यतीत ४० सेकंद म्हणजे पुष्कळ. पण तिथेही आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोची अट घातली आहे. इतरांनी आधी भरलेल्या दुसऱ्या बाटलीकडे पाहावं, तिचंच वजन पाऊण किलोच्या वर असतं. वर पाणी मिळणार असेल तर ती खालीच ठेवा. ‘चाकाचं वजन दुप्पट मोजायचं’ हेही ऐकायला मिळतं. ते वेग वाढवण्याच्या क्षणाला लागू आहे. एकसारख्या वेगाने चढताना चाकातला किलो आणि फ्रेममधला किलो यांत फरक नाही.

## गुडघे जातील का?

दोष चढाचा कमी आणि जड गिअर व चुकीच्या सीटचा जास्त असतो. पेडल तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच करा. सीट आणि गिअर दुरुस्त करूनही दुखणं राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा.

## एवढं करून मिळतं काय?

मेंदूतल्या रसायनांचं उत्तर लगेच दिलं जातं, आणि त्यात एंडॉर्फिनचं नाव हमखास येतं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. शरीर स्वतःच तयार करतं ती एंडोकॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं मात्र शिरतात, आणि दीर्घ श्रमानंतरच्या तरतरीत त्यांचा वाटा असावा असं मानलं जातं. तरी धावण्यात किंवा पोहण्यातही हे घडतंच. चढाच्या सायकलिंगचं समाधान वेगळं का, याचं उत्तर वरच्या हिशेबातच आहे.

सपाटीवर जोर १० टक्क्यांनी वाढवला, तर ताशी ३१ चा वेग जेमतेम ३२ च्या पुढे सरकतो, कारण बाकीचा जोर हवा गिळते. वारा फिरला, कुणाच्या मागे आडोसा मिळाला, की आकडे पार बदलतात. आपली किती सुधारणा झाली हे सांगता येत नाही. ८ टक्क्यांच्या चढावर तेच १० टक्के वाढवले, तर वेगही ९ टक्क्यांहून जास्त वाढतो. दिलेला जोर जवळजवळ जसाच्या तसा उंचीत जमा होतो. त्यामुळे तोच चढ दोन महिन्यांनी पुन्हा केलात आणि वेळ कमी लागला, तर ती सुधारणा बहुतांशी तुमचीच असते.

ती मोजायला महागडं यंत्र लागत नाही. चढाची उंची मीटरमध्ये घ्या, लागलेल्या मिनिटांनी भागा, ६० ने गुणा. ताशी किती मीटर वर चढलात ते मिळतं. आपल्या उदाहरणातला १९० वॅटवाला स्वार ताशी ८०० मीटरच्या आसपास चढतो. नवख्याला ४००-५०० पडले तरी उत्तम. तुलना साधारण सारख्याच टक्क्यांच्या चढांची करा, कारण सौम्य चढावर हवेचा वाटा वाढतो आणि आकडा खाली येतो. एकदा स्वतःचा आकडा कळला की नवीन चढाची आखणी करता येते. ६०० मीटर उंची आणि आकडा ५००, तर ७२ मिनिटं. त्याप्रमाणे पाणी आणि खाणं बांधून घ्या.